एक खून माफ

तिला मी पहिल्यांदा पाहिलं ते पत्र्याच्या अवतारात. आमच्या हौशी मंडळाच्या प्रॉपर्टीच्या पेटीत, नारदाची वीणा आणि भीमाची गदा यांच्यामध्ये ती पडलेली असायची. पातं डालड्याच्या डब्याचं, वरून बेगड चिकटवलेली. बेगड जिथे सुटली होती तिथून डब्यावरचं हिरवं झाड डोकावायचं. पण आमचे खाँसाहेब ती कमरेला खोचून विंगेतून निघाले की झाडाची आठवण कुणालाच राहायची नाही.

खरी कट्यार म्हणजे जरा चमत्कारिक बाई आहे. तलवारीसारखी सपासप फिरत नाही. दोन समांतर दांड्या, त्यांच्यामध्ये आडवी मूठ, आणि मुठीतून सरळ पुढे आलेलं पातं. जणू माणसाची बोटंच लांब झाली आहेत. ठोसा मारावा तशी ती चालवायची. कापणं तिला फारसं ठाऊक नाही, तिला घुसायचंच माहीत. ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकाला नाव देणाऱ्याने हे क्रियापद उगाच निवडलेलं नाही.

पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. 1967 साली त्यांनी तिला रंगभूमीवर आणलं आणि येताना एक विलक्षण हक्कही बहाल केला. विश्रामपूर संस्थानच्या राजगायकाला ही कट्यार मिळणार, आणि तिने केलेला एक खून माफ. विचार करा, गवयाला खुनाची सवलत! मला तर ही कल्पना म्हणजे आपल्या घराणेशाहीवरचं सगळ्यात जहरी भाष्य वाटतं. मैफलीत शेजारच्या गवयाचा पंचम चांगला लागला तर माना हलवत आतून जळणारी माणसं आपण पाहिली आहेतच. दारव्हेकरांनी त्या जळण्याला फक्त मूठ आणि पातं दिलं.

पण गंमत अशी की नाटकात तिला कामच नाही. दहाव्या रांगेतून ती दिसते कुठे? दिसतो तो खाँसाहेबांच्या कमरेशी एक चमकता ठिपका. खाँसाहेब झालेले वसंतराव देशपांडे गायला लागले की तोही विसरायचा. संगीतकार जितेंद्र अभिषेकींनी ‘घेई छंद’ हे एकच पद खाँसाहेबांच्या प्रतिस्पर्धी गवयाला, पंडितजींना, सालगवराळी रागात आणि खाँसाहेबांना धानीत दिलं. एकाच शब्दांवर दोन माणसं, एकाची आळवणी आणि दुसऱ्याची झडप. खरा वार होतो तो इथे. प्रेक्षकांतून ‘वन्स मोअर’ आला की पद पुन्हा सुरू, आणि ही बिचारी म्यानात बसून आपली पाळी कधी येते याची वाट पाहतेय. तिची पाळी वसंतरावांच्या गळ्याने केव्हाच घेतलेली असायची. सैन्याच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षं कारकुनी केलेल्या या माणसाच्या आवाजात एवढी धार कुठून आली, हे मला अजून उमगलेलं नाही.

2015 च्या दिवाळीत ती पडद्यावर गेली आणि तिथे तिला वाचा फुटली. सुबोध भावे यांच्या चित्रपटात कट्यार स्वतःच आपली गोष्ट सांगते, रीमा लागूंच्या आवाजात. मी जरा नाक मुरडलं. जिचा दरारा तिच्या मुकेपणात होता तिला एवढं बोलकं कशाला करायचं? पण रीमाताईंनी सांगितलं मात्र झकास. माजघरात बसून सगळ्या पिढ्यांची लफडी माहीत असलेल्या आजीसारखं, न रागावता. नाटकात जागा पदांना होती, चित्रपटात जागा गोष्टीला हवी होती, म्हणून तिला कामाला लावलं असावं.

तिथेही खून तिच्याकडून होत नाहीच. पंडितजींचा गळा जातो तो शेंदराने, खाँसाहेबांच्या बेगमने खाऊ घातलेल्या. एवढी मिरवणारी कट्यार कमरेला, आणि कार्यभाग उरकला स्वयंपाकघरातल्या चिमूटभर पुडीने! तिला काय वाटलं असेल?

सचिन पिळगावकर खाँसाहेब होणार म्हटल्यावर आमच्या कट्ट्यावर हशा पिकला होता. ‘अशी ही बनवाबनवी’तला माणूस आता ताना घेणार? चित्रपट पाहून आलो आणि कट्टा गप्प. मला आवडले ते ताना घेताना नव्हे, तर दुसऱ्याचं गाणं ऐकताना. जबडा आवळलेला, डोळ्यांत भूक. पराभवाची आधीच लागलेली चाहूल लपवायची धडपड. हे दहाव्या रांगेला कधीच दिसलं नसतं. शंकर महादेवन पडद्यावर नवखे, पण पंडितजी गाताना नवखे वाटत नाहीत. संवाद बोलताना मधूनमधून वाटतात. शंकर-एहसान-लॉय यांनी जुन्या पदांशेजारी आपली गाणी ठेवली, त्यांपैकी एकासाठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तरी माझी कुरकुर शिल्लक आहेच: चित्रपटात ‘वन्स मोअर’ नाही. थिएटरात मी सवयीने तोंड उघडलं आणि शेजारच्या बाईंनी पॉपकॉर्नमागून पाहिलं.

एक गोष्ट मात्र कट्यारीच्या पथ्यावर पडली. सचिन यांच्या ओठांमागे आवाज होता राहुल देशपांडे यांचा, वसंतरावांच्या नातवाचा. आजोबा 1983 मध्ये गेले तेव्हा हा नातू चार वर्षांचाही नव्हता. पुढे 2010 मध्ये नाटक पुन्हा उभं राहिलं तेव्हा खाँसाहेब तोच. मग चित्रपटात शरीर एकाचं, गळा त्याचा. आणि 2022 च्या ‘मी वसंतराव’मध्ये तो स्वतः आजोबाच झाला. राजगायकाकडून राजगायकाकडे जायची तिची जुनी रीत, ती तिने अशी आडवळणाने पाळली. संस्थानं गेली तरी हिचा मान चालू आहे.

परवा गणपतीत मंडळाची पेटी उघडली. गदेचा भुसा निघाला होता, वीणा उंदरांनी खाल्लेली. ही मात्र जशीच्या तशी, फक्त टोक वाकलेलं. प्रॉपर्टीवाल्या दादांच्या नातवाने तो चित्रपट टीव्हीवर पाहिलेला. त्याने पत्र्याची कट्यार उचलली, दोन्ही हातांनी, आणि कानाला लावली. बराच वेळ तसाच उभा.

“ठेव खाली,” दादा म्हणाले, “पत्रा लागेल.”