जोडी आणि जोडणी

दूध संकलन केंद्रावर मिळणाऱ्या चिठ्ठीवर लिटर, फॅट आणि भाव एवढंच असतं. पण शेतकऱ्याचा दहा दिवसांचा हिशेब त्याच चिठ्ठ्यांवर होतो. आमच्या ॲपमधून एखादी चिठ्ठी मध्येच अर्धी छापून येई. फोनला सॉकेट एकच, आणि ते प्रिंटरच्या केबलने अडवलेलं. लॅपटॉप जोडायचा तर प्रिंटर काढावा लागणार, आणि प्रिंटर काढला की दोषही गायब. उरलं वायरलेस डीबगिंग.

२०२०च्या अँड्रॉइड ११पासून त्याला केबल एकदाही लागत नाही. फोनवरचा सहा आकडी कोड लॅपटॉपवर टाकला की जोडी जमते. तरीही पुढे कनेक्शन नाकारलं जातं, कारण जोडी जमवण्याचा पोर्ट वेगळा आणि जोडणीचा वेगळा. ओळख एकदाच करून द्यायची. जोडणीचा पोर्ट मात्र डीबगिंग बंद करून पुन्हा सुरू केलं की बदलतो. तो सेटिंगमधल्या वायरलेस डीबगिंगच्या पानावर पुन्हा बघायचा.

पोर्ट बरोबर असूनही जमेना, तेव्हा राउटरवर संशय आला. 'क्लायंट आयसोलेशन' चालू असलं की एकाच वायफायवरची दोन यंत्रं एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. मी दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट लावला आणि लॉग दिसू लागला. प्रिंटर कमी बाइट घेत होता, आणि छपाईची उसनी लायब्ररी उरलेले न पाठवताच 'छापलं' सांगत होती.

दुरुस्तीनंतर डीबगिंग आठवणीने बंद केलं. फोन केंद्राचा होता, त्यात गावाचा हिशेब होता.