चाळीतला कांदा आणि डोक्यातला आकडा

उन्हाळ कांदा विकायचा कधी, यावर आमच्या घरात जेवढी खडाजंगी होते तेवढी लग्नकार्यातही होत नाही. आम्ही निफाड तालुक्यातले, लासलगावचं मार्केट हाकेच्या अंतरावर. मार्च-एप्रिलमध्ये कांदा काढून साठवणीच्या चाळीत भरायचा आणि थेट दिवाळीपर्यंत भावाकडे डोळे लावून बसायचं, ही दरवर्षीची रीत. घरचा हिशोब माझ्याकडे आहे आणि बायकांना घेऊन चाळीतली निवडही मीच करते. त्यामुळे मोबाइलवरचा भाव आणि चाळीतली सड, दोन्ही मला एकाच दिवशी दिसतात.

लिलाव आटोपले की मोबाइलच्या ग्रुपवर क्विंटलमागच्या भावाचे तीन आकडे येतात: किमान, कमाल आणि सरासरी. आमचे भाऊजी त्यातला कमालच मोठ्याने वाचतात. "वहिनी, आज २,८०० गेला!" हा भाव मिळतो एखाद-दुसऱ्या ट्रॉलीला, निवडक आणि एकसारख्या मालाला. आमचा माल सरासरीतला. पण एकदा २,८०० कानावर पडला की दुसऱ्या दिवशी २,१००चा पुकारा ऐकून सगळे म्हणतात, सातशेचा फटका बसला. जे पैसे कधी आपले झालेच नव्हते, त्यांचा फटका!

बी.ए.ला माझा विषय मानसशास्त्र होता. डॅनिएल कानेमन आणि आमोस ट्वर्स्की यांचा १९७४ सालचा प्रयोग तेव्हा नुसता पाठ केला होता. आकड्यांचं एक चाक लोकांसमोर फिरवायचे. ते १० किंवा ६५ वरच थांबेल, अशी व्यवस्था आधीच केलेली. मग विचारायचे, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतले देश किती टक्के असतील? १० पाहिलेल्यांचा अंदाज २५च्या आसपास, ६५ पाहिलेल्यांचा ४५च्या. चाकाचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नव्हता, तरी दावणीला बांधलेल्या जनावरासारखं मन त्या आकड्याभोवतीच फिरत राहिलं. हे खरं कळलं ते लासलगावच्या भावामुळे. १९७९मध्ये याच दोघांनी दाखवून दिलं की हजार रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा हजार गेल्याचं दुःख बरंच मोठं असतं. म्हणून भाव उतरला की हात आखडतो. विकलं की तोटा पक्का होतो, आणि न विकता तो 'अजून झालेला नाही' असं मनाला सांगता येतं.

आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, डोक्यात वेगळाच आकडा. ते २०१९ विसरायला तयार नाहीत. त्या साली शहरांत कांदा किलोला शंभरीपार गेला होता. "थांबला तो तरला," हे त्यांचं त्यावरचं सूत्र. पण तो भाव चढला तो लांबलेल्या पावसाने खरिपाचा कांदा खाल्ला म्हणून, आणि तोवर चाळीत उन्हाळ कांदा उरला होता फार थोड्यांकडे. त्याच सालच्या सप्टेंबरात निर्यातबंदी आली, २०२०च्या सप्टेंबरात पुन्हा आली आणि २०२३च्या डिसेंबरात पुन्हा. बंदीचा राग सगळ्यांना आठवतो, पण थांबायचं की नाही हे ठरवताना ती कुणी हिशोबात धरत नाही; डोक्यात बसलेली असते ती शंभरीच. ठसठशीत आठवतं ते वारंवार घडतं असं वाटणं, हा माणसाचा स्वभावच आहे.

एका सप्टेंबरात निवड चालू होती. चांगला कांदा एका ढिगात, लहान गोल्टी दुसऱ्यात, सडकी खाद तिसऱ्यात. वरून टणक, लालसर दिसणारा कांदा हातात घेतला आणि मानेपाशी दाबला की अंगठा सरळ आत जायचा. पापुद्र्याखाली काळी बुरशी. मी हिशोबपट्टीच्या पाठीमागे आकडे मांडले. एप्रिलमध्ये १०० क्विंटल २,०००ने विकले असते तर दोन लाख आले असते. घट आणि सड मिळून ३० टक्के गेले, तर उरले ७०. ते २,८००ने विकले तर एक लाख ९६ हजार. भाव आठशेने वाढला आणि पैसे चार हजारांनी कमी झाले, निवडीची मजुरी वेगळीच.

आबा चाळीच्या तोंडाशी बसले होते. मी विचारलं, "आबा, समजा चाळ रिकामी आहे आणि हातात रोख आहे. आजच्या भावाने हाच कांदा विकत आणून, पुढे वाढेल म्हणून भराल का?"

"येडी का काय तू, सूनबाई? सडायला लागलेला कांदा कोण विकत घेईल?"

"मग न विकून रोज आपण तेच करतोय ना?"

आबा बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रॅक्टर भरला.

तेव्हापासून चाळ भरतानाच वहीत लिहितो: क्विंटलमागे खर्च किती आला, एक भाग पोळ्याच्या आत, दुसरा दसऱ्याच्या आत, आणि उरलेल्यावरच काय तो डाव. ठरलेली तारीख पुढे ढकलायची तर कारण लिहायचं. खरिपाची लागवड कमी आहे, पाऊस लांबलाय, असं काही. 'वाढेल असं वाटतं' हे कारण धरत नाही. विकल्यावर भाव चढला की भाऊजी म्हणतात, "मी म्हणत होतो!" मग वही काढते. त्या तारखेला कुणीच तसं म्हटलेलं नसतं.

वहीने भाव वाढत नाही. रातोरात लागणारं निर्यातशुल्क ती थांबवत नाही आणि चाळीत थांबणारा शेतकरी मूर्ख असतो असंही नाही. धोरणच बेभरवशाचं असल्यावर अंदाज चुकणारच. पण बाजारावर आपला जोर नाही, विकायच्या दिवसावर आहे. म्हणून सांगते, चाळ भरतानाच विक्रीच्या तारखा लिहून ठेवा, आणि ग्रुपवर भाव आला की आधी सरासरी वाचा.