कडोलीतल्या चार बाटल्या

जानेवारी महिना आला की बेळगावच्या मित्राचा फोन ठरलेला. "संमेलनाला येणार ना?" बेळगावच्या आसपासची कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी ही गावे दरवर्षी हिवाळ्यात आपापली मराठी साहित्य संमेलने भरवतात. गोव्यातल्या सभागृहात पंचवीस माणसे जमली की आम्हाला कार्यक्रम यशस्वी झाल्यासारखे वाटते. इथे अख्खा गाव ग्रंथदिंडीत असतो. म्हणून मी जमेल तेव्हा चोर्ला घाट चढून कडोलीला जातो.

आज सांगणार आहे ते मात्र मंडपातले नव्हे. दोन वर्षांपूर्वी संमेलन आटोपल्यावर रात्री मित्राच्या मळ्यातल्या घरी जमलेल्या एका वेगळ्याच बैठकीची ही गोष्ट आहे.

आम्ही चौघे जण. यजमान कडोलीचा, हायस्कुलात मास्तर. दुसरा बेळगावचा डॉक्टर. तिसरा पुण्याचा, नोकरीनिमित्त जगभर हिंडलेला. चौथा मी. कल्पना पुणेकराची होती. बाटल्या झाकून ठेवायच्या, चव घ्यायची, वीसपैकी गुण द्यायचे आणि मग कागद सोडायचे. त्याने नाशिकची सुला दिंडोरी रिझर्व्ह शिराझ आणि अकलूजची फ्रातेल्ली सांजोवेझे आणली होती. डॉक्टरने बंगळूरजवळच्या नंदी हिल्सच्या पायथ्याची ग्रोव्हरची ला रिझर्व्ह आणली. मी गोव्याहून परवाना काढून पोर्ट वाईनची एक बाटली आणली होती.

वाईन न पिणाऱ्या वाचकांसाठी थोडे सांगतो. लाल वाईनचा लाल रंग रसाचा नसतो, सालींचा असतो. काळ्या द्राक्षाचाही रस बहुधा पांढुरकाच निघतो. तो सालींसकट आंबवला की रंग उतरतो, आणि साली-बियांतला तुरटपणाही. कच्ची सुपारी चघळल्यावर जीभ आवळते ना, तोच हा तुरटपणा. खरी पोर्ट ही पोर्तुगालातल्या दोरू नदीच्या खोऱ्यातली. १७५६ साली त्या प्रदेशाच्या सीमा सरकारने आखून दिल्या. द्राक्षाचा रस अर्धवट आंबला असताना त्यात द्राक्षाचीच कडक दारू घालतात. त्यामुळे आंबणे थांबते आणि गोडवा शिल्लक राहतो.

आपल्या गोव्याची पोर्ट ही तिची लांबची नातेवाईक. पण आमच्या घराशी तिचे नाते जवळचे. चवथीला आम्ही शेजारच्या ख्रिश्चन कुटुंबाकडे नेवऱ्या पाठवत असू आणि नाताळात त्यांच्याकडून कुसवारासोबत पोर्टची छोटी बाटली येई. आजी ती औषधाच्या फडताळात ठेवायची. "अशक्तपणाक बरें" म्हणत घोटभर घ्यायची आणि आम्हा मुलांना बोट बुडवून चाटू द्यायची. वाईन म्हणजे ती गोड चव, अशी माझी कितीतरी वर्षे समजूत होती.

असो. बाटल्या गुंडाळायचे काम वहिनींनी घेतले. त्या पीत नाहीत, पण कुठला आकडा कुठल्या बाटलीचा हे फक्त त्यांनाच ठाऊक राहणार होते. 'तरुण भारत'चे चार कागद, वर दोरा आणि मार्करने एक ते चार आकडे. पेले डॉक्टरने आणले होते. थंडी चांगलीच होती, त्यामुळे बाटल्या थंड करायचा प्रश्न नव्हता. वाईन 'घरच्या तापमानाला' प्यावी असे म्हणतात तेव्हा ते घर युरोपातले असते, आपले मे महिन्यातले नव्हे, हे पुणेकराने बजावून सांगितले.

त्यानेच १९७६ सालचा पॅरिसचा किस्सा सांगितला. स्टीव्हन स्परियर नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने तिथे फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन अशाच झाकून फ्रेंच परीक्षकांपुढे ठेवल्या. निकाल लागला तेव्हा लाल आणि पांढऱ्या, दोन्ही गटांत कॅलिफोर्निया पहिली! आपल्याच देशाला हरवून बसलेल्या परीक्षकांची काय तोंडे झाली असतील, म्हणून आम्ही खूप हसलो.

चव घेणे सुरू झाले. दोन नंबरची पहिल्याच थेंबाला ओळखता आली. गोड! पोर्ट कितीही कागदात गुंडाळली तरी लपत नाही. पुणेकर म्हणाला, "हे सरबत कुणी आणलं?" सगळे हसले, मीही हसलो. आणि कागदावर तिला सात गुण दिले. वीसपैकी सात. सर्वांत कमी गुण मी दिले होते.

बाकी तिघींत एक नंबर दमदार आणि मिरीसारखी झणझणीत, चार नंबर आंबटसर आणि हलकी. तीन नंबर मात्र सगळ्यांना आवडली. तुरट होती, पण आवळणारी नव्हती, आणि घोट गेल्यावरही चव रेंगाळत होती. बेरीज झाली. ऐंशीपैकी तीनला बासष्ट, एकला सत्तावन्न, चारला पंचावन्न आणि पोर्टला चौतीस.

"तीन म्हणजे नाशिक, पैज लावतो," पुणेकर म्हणाला. डॉक्टर म्हणाला, "शंकाच नाही." मास्तर तर खूशच झाला. "आपलीच असणार की! द्राक्षं म्हणजे महाराष्ट्राची." वहिनी काही न बोलता दोरा सोडू लागल्या.

आतून निघाली नंदी हिल्सची. कर्नाटकाची.

कुठल्याही दुसऱ्या गावात हा विनोद झाला असता. कडोलीत क्षणभर कुणी बोलेना. १ नोव्हेंबर १९५६ ला ही गावे म्हैसूर राज्यात गेली, त्याला आता सत्तर वर्षे होत आली. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, तो महाराष्ट्राने नाकारला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, त्याचा निकाल अजून यायचा आहे. दर १ नोव्हेंबरला इथे काळा दिन पाळतात. मास्तरच्या वडिलांनी सीमालढ्यात तुरुंग पाहिलेला. त्या घरात, मराठी वर्तमानपत्रात गुंडाळलेली कर्नाटकाची बाटली आम्ही एकमताने पहिली आणली होती. आणि गंमत म्हणजे ती घेऊन आलेल्या डॉक्टरलाही ती ओळखता आली नव्हती.

तेवढ्यात आबा बाहेर आले. माळकरी माणूस, ऐंशीच्या पुढचे. आम्ही पेले लपवायला लागलो तर म्हणाले, "बसा, बसा. मीबी रात्री द्राक्षासव घेतोच की, डॉक्टरच देतो." खरेच आहे. द्राक्षासवही मनुका आंबवूनच करतात, त्यातही आपोआप तयार झालेला थोडा मद्यांश असतो. मग त्यांनी विचारले, "पहिली कुठली आली?"

मास्तरने मान खाली घालून सांगितले. आबा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "पीक चांगलं असंल तर चांगलं म्हणायचं. आमचं भांडण रानाशी न्हाई. रानाचा उतारा आमाला वाचता येत न्हाई अशा भाषेत येतोय, त्याचं भांडण हाय."

मग ते माझ्याकडे वळले. "गोवेकर, तुमाला निदान विचारलं तरी. आमाला कोण विचारलंच न्हाई."

मला उत्तर सुचले नाही. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. ३४,०२१ मतांच्या फरकाने गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. आमच्या घरात आजोबांनी फुलावर शिक्का मारला होता आणि काकांनी दोन पानांवर, आणि दोघे वर्षभर धड बोलत नव्हते. मी दोघांच्या मांडीवर वाढलो. कोण बरोबर होते याचा वाद आपल्याकडे अजून चालतो. पण त्या वादालाही एक चैन लागते, हे मला त्या रात्री पहिल्यांदा जाणवले. आपल्याला शिक्का मारायला मिळाला होता.

मग वहिनींनी जेवण वाढले. निखाऱ्यात भाजलेली कडोलीची रताळी, भाकरी, झुणका आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. ठेच्यावर तीन नंबरचा घोट घेतला तर तोंडात आग झाली. तुरटपणा आणि तिखट एकत्र आले की दोन्ही चढतात. डॉक्टरच्या डोळ्यांतून पाणी आले. मास्तरने हाताशी आली ती बाटली ओतली. ती पोर्ट होती. गोडव्याने तिखट लगेच शांत झाले. पंधरा मिनिटांत 'सरबता'ची बाटली रिकामी झाली आणि बासष्ट गुणांची बाटली अर्धी तशीच राहिली.

मी गप्प बसलो, कारण ते सात गुण मला टोचत होते. तिची चव मला वाईट लागली नव्हती. पुणेकर हसला म्हणून मी आजीच्या फडताळातल्या बाटलीला सात गुण दिले होते. इतरांची जीभ तरी प्रामाणिकपणे फसली. माझी फसली नव्हती, मीच तिच्याशी खोटे बोललो. चारचौघांत आपले म्हणायची लाज वाटणे ही आपल्या गोव्याची जुनी खोड. भाषेच्या बाबतीतही आपण ती कितीदा दाखवली आहे, हे मी वेगळे सांगायला नको.

निघताना डॉक्टरला मी एक गोष्ट सांगितली. गोव्यात वाईनच्या द्राक्षांचे मळे नाहीत. आमच्या पोर्टसाठी द्राक्षे घाटावरूनच येतात, कर्नाटकातून आणि महाराष्ट्रातून. तो म्हणाला, "म्हणजे आमचंच पीक आम्हाला गोड करून पाजलंस की!"

सकाळी परत निघालो तेव्हा वहिनींनी गाडीत रताळ्यांची पिशवी ठेवली. सोबत तो गुणांचा कागदही होता. दोन नंबरच्या पुढचा माझा सात मी चोर्ल्याला चहासाठी थांबलो तेव्हा खोडला आणि चौदा केला. बेरीज तशीच ठेवली.