आबा, ज्वारी आणि आमची गाडी

दुसऱ्यांच्या वाहनकर्जाचे कागद तपासण्यात माझी वीस वर्षे गेली. कर्ज घेणारा माणूस किती बेफिकीरपणे सह्या ठोकतो, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलेलं आहे. दहा सह्यांपैकी एका सहीपूर्वी तरी तो मजकूर वाचेल, अशी माझी एक भाबडी आशा होती. ती हल्ली सोडली. परवा मात्र स्वतःचाच अर्ज पुढ्यात घेतला आणि 'वाहनाचा प्रकार' या पहिल्याच रकान्यापाशी माझं पेन अडलं.

झालं असं, की आमच्या पेट्रोलच्या गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत आली. पंधराव्या वर्षी आरटीओत तिची नव्याने नोंदणी करावी लागते. तेव्हा हिने विषय काढला, की नोंदणीऐवजी गाडीच नवी घ्यावी. घरात लगेच दोन पक्ष झाले. चिरंजीव विजेच्या गाडीचे. "पप्पा, आता पेट्रोलची गाडी घेणं म्हणजे टाइपरायटर विकत घेणं." सौभाग्यवती हायब्रीडच्या बाजूने, कारण तिच्या भावाने हायब्रीड घेतली होती. मराठी संसारात मेव्हण्याने घेतलेली वस्तू हे एक अधिकृत माप आहे. फूटपट्टी एकवेळ चुकेल, पण मेव्हणा चुकत नाही.

तिसरा पक्ष कॉटवर पडून ऐकत होता. आमचे आबा.

"हायब्रीड? नगं," आबा म्हणाले. "थापताना चिरती."

आबा मंगळवेढ्याकडचे. ज्वारीचं कोठार म्हणतात तो मुलूख. मालदांडीच्या भाकरीवर वाढलेला पिंड. १९६४ साली 'सीएसएच-१' ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली आणि खेडोपाडी 'हायब्रीड' हा शब्द मराठी होऊन बसला. एकरी उतारा वाढला, हे आबा मान्य करतात. त्यापुढे मात्र एक अक्षर मान्य करत नाहीत. पुढे त्यांच्या पिढीने ज्याला चव नाही त्या सगळ्यालाच हायब्रीड म्हणायला सुरुवात केली. त्यात लांब केसांची पोरं आली, बारीक आवाजाचे कीर्तनकार आले, आणि एकदा पाहुण्यांदेखत मीही आलो.

मी त्यांना समजावू लागलो. "आबा, या गाडीत एक पेट्रोलचं इंजिन असतं आणि एक विजेची मोटार."

"म्हंजे दोन बैलं. मग एक हिकडं वढणार, एक तिकडं."

"नाही आबा. दोन्ही एकाच बाजूला ओढतात. हळू जाताना मोटार, जोरात जाताना इंजिन, चढावर दोघं मिळून. आणि मोटारीची बॅटरी तुम्ही चार्ज करायची नाही. ब्रेक मारला की ती आपोआप भरते."

ब्रेकची गंमत मी माझ्या परीने समजून घेतली होती. साध्या गाडीत ब्रेक मारला की वेगाची सगळी शक्ती उष्णता होऊन उडून जाते, म्हणजे बुडीत खाती जमा. हायब्रीडमध्ये आणि विजेच्या गाडीत मोटारच उलटी काम करते आणि त्यातला काही भाग वसूल करून बॅटरीत टाकते. म्हणून साध्या गाडीचं ॲव्हरेज गावात कोसळतं, हायब्रीडचं गावातच उजळतं. सात रस्त्याच्या गर्दीतून नव्या पेठेपर्यंत आपण जेवढे ब्रेक मारतो, त्यावर खरं म्हणजे एखादी पिठाची गिरणी चालावी. कल्पना काही आजची नव्हे. फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० साली असली दुहेरी गाडी बनवली होती. ती बाजारात चांगली रुजायला मात्र १९९७ साली जपानात प्रियस यावी लागली. आता तर काही गाड्यांवर नुसतीच हायब्रीडची पाटी असते. आतली मोटार इंजिनाला जरा हातभार लावते, एकटीने गाडी हलवू शकत नाही. आमच्या शाखेत अशा पाटीचे तिघे आहेत.

मी बी.कॉम. माणूस. रविवारी दुपारी जुनी कॅश-स्लिप उलटी करून हिशेब मांडला. जुळे सोलापूर ते शाखा आणि परत, चौदा किलोमीटर. वर्षाचे तीनशे दिवस धरले, त्यात तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर आणि पुण्याच्या चार फेऱ्या मिळवल्या, तर सात हजार किलोमीटर. पेट्रोल १०५ रुपये धरलं. साधी गाडी लिटरला १५ देईल, तिला वर्षाला ४९ हजार लागतील. हायब्रीड २२ देईल, तिला ३३ हजार. विजेची एका युनिटला साडेसहा किलोमीटर जाईल आणि युनिट दहा रुपये धरलं, तर ११ हजार! मी खुर्चीतून उठलोच. मग किमतीतला फरक आठवला आणि पुन्हा बसलो. दोन्ही गाड्या साध्या गाडीपेक्षा तीन लाखांनी महाग धरल्या, तर विजेच्या गाडीचा जादा पैसा फिटायला आठ वर्षं लागतात आणि हायब्रीडचा जवळजवळ वीस. वीस वर्षांनी मी सहासष्ट वर्षांचा असेन आणि माझं स्वतःचंच ॲव्हरेज तेव्हा काय असेल, देव जाणे. रोज सत्तर किलोमीटर फिरणाऱ्याचे तीन लाख मात्र विजेची गाडी तीन वर्षांच्या आत फेडते. म्हणजे स्वस्तात चालणारी गाडी परवडायला भरपूर फिरावं लागतं, आणि भरपूर फिरायला माणूस बँकेत क्लार्क असून चालत नाही.

सरकारचं मत विचाराल तर ते सरळ आहे. सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेत विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्केच राहिला आणि चार मीटरहून लांब हायब्रीडवर ४० टक्के आला. शिवाय राज्याच्या २०२५ च्या धोरणात विजेच्या मोटारींना टोलमाफी आहे: मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, समृद्धी महामार्गावर आणि अटल सेतूवर. सोलापूरहून पुण्याला निघालेल्या माणसाला यातलं एकही वाटेत लागत नाही.

एवढं सगळं होऊन मला अडवत होतं ते वेगळंच. आबांचं हृदय अधू आहे. रात्री-अपरात्री त्यांना काही झालं आणि पुण्याला न्यायची वेळ आली तर? पुणे अडीचशे किलोमीटर. मे महिन्यातला आमचा त्रेचाळीस अंशांचा उन्हाळा, चालू एसी आणि हायवेचा वेग, यात कंपनीने सांगितलेलं अंतर कुठल्या कुठे आटतं. भिगवणच्या आसपास रात्री तीन वाजता गाडी बंद पडली आहे, मागे आबा आहेत आणि मी उजनीच्या पाण्याकडे बघत उभा आहे, असं चित्र मला स्पष्ट दिसायचं. या चित्रापायी मी हायब्रीडवर जवळजवळ सही केलीच होती.

ती रात्र मार्चअखेरीस आली. सव्वादोन वाजता हिने मला हलवलं. आबा उठून बसले होते आणि त्यांना श्वास पुरत नव्हता. मी चप्पल न घालता खाली धावलो, गाडीत बसलो, किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. वर्षअखेरीच्या कामामुळे तीन आठवडे मी कॅशियरच्या स्कूटरवर मागे बसून जात होतो. गाडी उभ्या उभ्या मेली होती. पेट्रोल टाकीभर होतं. गेली होती ती बॅटरी.

आमच्या खालच्या मजल्यावर एक यंत्रमागवाले राहतात. टॉवेलचा धंदा. सगळी बिल्डिंग त्यांना मालक म्हणते. त्यांनी विजेची गाडी घेतली तेव्हा "रात्रभर मोबाइलसारखी लावून ठेवायची काय?" असं म्हणून सर्वांत मोठ्याने मीच हसलो होतो. त्यांचं दार वाजवलं. मालक लुंगीवर बाहेर आले, माझ्याकडे एकदा पाहिलं, काही विचारलं नाही. सरळ जाऊन गाडीची वायर ओढून काढली.

दवाखाना साडेपाच किलोमीटर. त्या गाडीला आवाज म्हणून नाही. त्यामुळे सगळ्या वाटेत मला फक्त आबांचा श्वास ऐकू येत होता. मध्ये एकदा तो ऐकू आला नाही, तेव्हा मी मागे वळून पाहिलं. ही त्यांची छाती चोळत होती. त्यांनी डोळ्यांनीच 'हाय' म्हणून सांगितलं.

छातीत पाणी झालं होतं. चार दिवसांनी आबा घरी आले. आल्या आल्या म्हणाले, "त्या गाडीला आवाजच न्हाई रं. मला वाटलं, मी गेलोच, आणि ही वरची गाडी हाय."

पंधरा दिवसांनी पुण्याला दाखवायला नेलं. दिवसाउजेडी, अपॉइंटमेंट घेऊन. मालकांचं तिकडे काम होतं, त्यांच्याच गाडीतून गेलो. वाटेत एका हॉटेलापाशी चार्जिंगला थांबलो, तर आधीच एक गाडी लावलेली. तिचं होईपर्यंत अर्धा तास, मग आमचं पाऊण तास. आबांनी लिंबाच्या सावलीत शेंगाचटणी-भाकरी खाल्ली आणि त्या दुसऱ्या गाडीवाल्याकडून त्याच्या शेतीची सगळी माहिती काढली. ही तेवढ्यात म्हणालीच, "भाऊ आत्तापर्यंत पुण्यात पोचून चहा घेत असता." ते खरंच होतं. रोज हायवे तुडवणारा, किंवा गाडी रस्त्याच्या कडेला लावणारा माणूस असेल, तर त्याने माझ्या मेव्हण्याचं ऐकावं. पण मला भेडसावणारी रात्र अडीचशे किलोमीटरची होती आणि आली ती साडेपाचची.

मालक परतताना म्हणाले, "साहेब, तुम्ही गाडी बघता. आधी भिंत बघा. तुमच्या पार्किंगच्या भिंतीत प्लग हाय काय?"

नव्हता. मग सोसायटीची सभा. घरच्या जोडणीवर गाडी चार्ज करायला केंद्राने २०१८ सालीच परवानगी दिलेली आहे, हे मी वाचून दाखवलं. केंद्राने आमचे सेक्रेटरी पाहिलेले नाहीत. लिफ्ट बंद पडेल का, वायर कुणाच्या भिंतीवरून जाणार, उद्या भाडेकरूने मिक्सर लावला तर, अशी दीड तास चर्चा झाली. शेवटी माझ्याच मीटरवरून, माझ्याच खर्चाने प्लग मंजूर झाला; अट एक, की नळाला पाणी येईल त्या दिवशी पाण्याची मोटार चालू असेतो गाडी लावायची नाही.

प्लग बसला. पंधरा अँपिअरचा, पत्र्याच्या पेटीत, कुलूप घालून. वाहनकर्जाचा अर्ज अजून टेबलाच्या खणात आहे. रकान्यात पेन्सिलीने 'विजेची' असं लिहिलं आहे, पेनाने लिहायला पगारवाढीचा फरक हातात पडण्याची वाट बघतो आहे. तोवर जुनी गाडी नव्या बॅटरीवर चालू आहे.

किल्ली आबांच्या जानव्याला असते. संध्याकाळी ते खाली खुर्ची टाकून बसतात, पेटी उघडतात आणि स्वतःचा मोबाइल चार्जिंगला लावतात. कुणी विचारलं, की सांगतात, "गाडी यायची हाय. तवर रान तयार ठिवलंय."