गुणांचा रकाना

वर्ध्याच्या नातेवाइकांना हे नाव पहिली काही वर्षे पचलेच नाही. "उरला? म्हणजे काय उरला?" असे ते हसून विचारायचे आणि काकूही तेवढ्याच तत्परतेने सांगायच्या, "आम्ही उरलो!" रायपूरच्या उत्तरेला, बिरगावला लागून असलेली ही औद्योगिक वसाहत. लोखंडाच्या भट्ट्या, रोलिंग मिल आणि दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर रोज बसणारी काळी भुकटी. काका एका रोलिंग मिलमध्ये फोरमन म्हणून आले, तिथेच निवृत्त झाले आणि परत जायचे जायचे म्हणता म्हणता इथलेच झाले.

तसा रायपूर आणि मराठी माणसाचा संबंध जुना. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनचा. छत्तीसगड १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच होता. शहरात महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती बसतो, नाटके होतात. पण उरल्यातून संध्याकाळी तिकडे जायचे म्हणजे ट्रकांच्या रांगेतून वाट काढायची. त्यापेक्षा घरचा टीव्ही बरा, असे काकूंचे मत.

टीव्हीच्या बाबतीत मात्र या भागाला कोणी मागासलेला म्हणू नये. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवण्याचा जो प्रयोग झाला, त्यात रायपूरच्या आसपासची खेडी होती. देशातल्या बहुतेक शहरांनी टीव्ही पाहिला नव्हता, तेव्हा इथल्या गावांत शाळेसमोर, चावडीसमोर जाळीची मोठी छत्री उभी राहिली आणि सारा गाव एका संचासमोर बसला.

काकूंच्या घरात सगळ्यांनी एकत्र बसण्याची सवय मोडली होती. ती पुन्हा लागली २०२० च्या टाळेबंदीत. २८ मार्चपासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवायला सुरुवात केली. १९८७ मध्ये काकूंनी ते शेजारच्यांच्या घरी दाटीवाटीने बसून पाहिले होते. आता ते मुलगा, सून आणि नातीबरोबर पाहिले. 'रामायण' संपले, पण रविवारची बैठक राहिली. नातीने शाळेची एक जुनी वही काढली आणि रकाने आखले. चित्रपटाचे नाव, पाहिल्याची तारीख, प्रत्येकाचे गुण, दहापैकी.

त्या वहीवरून घरातला एकेक माणूस ओळखता येतो. काकांची एकच कसोटी. पडद्यावर कारखाना दिसला की ते सावरून बसतात. तापलेली लालबुंद सळई धावत येत असताना चिमट्याने ती पकडायची म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नाही त्याने कामगाराची भूमिका करू नये, असे त्यांचे म्हणणे. इस्त्रीच्या शर्टात भट्टीपाशी उभ्या राहणाऱ्या नायकाला त्यांनी आजवर दोनच्या वर गुण दिलेले नाहीत. सूनबाईंचे गुण संवादांवर ठरतात. मुलगा पहिल्या अर्ध्या तासात झोपी जातो, तरीही सहा देतो. आणि काकू मालिकांवर कडक. दागिने घालून झोपणारी सून आणि दाराआडून ऐकणारी जाऊ दिसली की शून्य. "अशा घरात स्वयंपाक कोण करते, हे एकदा तरी दाखवा म्हणावं," असे त्या टीव्हीलाच सुनावतात.

काकूंची आवडती नटी स्मिता पाटील. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणारी ही मुलगी पुढे केवढी मोठी झाली आणि डिसेंबर १९८६ मध्ये अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेली, हे त्या प्रत्येक वेळी नव्याने हळहळून सांगतात. १९७७ चा 'जैत रे जैत' त्यांनी कितीदा पाहिला याची गणती नाही. त्यातली चिंधी म्हणजे स्मिता आणि नाग्या म्हणजे मोहन आगाशे. वहीत त्याला काकूंचे दहापैकी दहा आहेत.

म्हणूनच एका रविवारी नातीने 'सद्गती' लावला. प्रेमचंदांच्या कथेवरून सत्यजित राय यांनी १९८१ मध्ये दूरदर्शनसाठी केलेला, जेमतेम तासाभराचा चित्रपट. "आजी, यात तुमची चिंधी आणि नाग्या दोघंही आहेत. आणि शूटिंग आपल्या छत्तीसगडातलं आहे." एवढे ऐकल्यावर काकू चष्मा पुसून बसल्या.

सुरुवातीला कौतुकच चालले होते. ओळखीची माती, ओळखीची घरे. गोंडाच्या भूमिकेत राजनांदगावचे भैयालाल हेडाऊ. मोहन आगाशे पंडिताच्या भूमिकेत आले तेव्हा काका हसले. 'घाशीराम कोतवाल'मध्ये नाना फडणवीस झालेल्या माणसाचे इथे नावच घासीराम! पण गोष्ट पुढे सरकली तसे हसू ओसरले. लेकीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घ्यायला आलेला दुखी चांभार. तापातून उठलेला, उपाशी. पंडित त्याला झाडायला लावतो, भुसा वाहायला लावतो आणि मग एक गाठाळ ओंडका फोडायला लावतो. चिलमीसाठी विस्तव मागायला तो घरात पाऊल टाकतो तर पंडिताची बायको संतापते. कुऱ्हाड चालवता चालवता ओम पुरींचा दुखी कोसळतो आणि मरतो. त्याला हात लावायला कोणी तयार नाही. स्मिताची झुरिया पावसात येऊन आक्रोश करते. शेवटी पंडित प्रेताच्या पायाला दोरी अडकवतो आणि ओढत नेतो.

चित्रपट संपला. त्या दिवशी मुलगाही जागा होता.

"नऊ," काका म्हणाले. "कामं उत्तम. पण जुनी गोष्ट आहे हो. आता तसं काही उरलं नाही."

सूनबाईंनी नऊ दिले. नातीने दहा. पेन काकूंच्या रकान्यापाशी थांबले.

"आजी, किती?"

काकू काही बोलल्या नाहीत. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि मागच्या दारापाशी उभ्या राहिल्या. दाराबाहेर खिडकीच्या कट्ट्यावर एक कप पालथा ठेवलेला होता. दांडा तुटलेला, निळ्या फुलांचा. भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा. वीस वर्षे त्या या घरी येत होत्या. त्यांच्या मुलीच्या लग्नात काकूंनी साडी दिली होती, त्यांच्या आजारपणात डबा पाठवला होता. त्यांची जात काकूंनी कधी विचारली नव्हती. पण कप मात्र पहिल्या दिवसापासून वेगळा होता. त्या तो स्वतःच विसळायच्या आणि कट्ट्यावर पालथा घालायच्या. ठेव म्हणून कोणी सांगितल्याचे काकूंना आठवेना. काढ म्हणूनही कोणी सांगितले नव्हते.

सोमवारी सकाळी बाई आल्या. भांडी झाली, फरशी झाली. चहाच्या वेळी त्यांनी सवयीने कट्ट्यावर हात नेला. तिथे काहीच नव्हते.

"मोर कप कहाँ हे, काकी?"

काकूंनी घरातल्या सहा कपांपैकी एक पुढे केला. "आजपासून यातच. आणि आत बसून घ्या."

बाईंनी कप घेतला, पण बसल्या नाहीत. एकदा कपाकडे, एकदा काकूंकडे पाहिले. आपली काही चूक झाली की काय, अशी ती नजर होती. मग नेहमीसारखा मागच्या पायरीवर उभ्यानेच चहा प्यायल्या, कप दोनदा धुतला आणि बाकीच्या पाचांपासून थोडा दूर ठेवला. काकूंनी तो उचलून त्या पाचांत मिसळला. बाईंनी ते पाहिले, पण त्या काही बोलल्या नाहीत.

काका वर्तमानपत्रातून डोके वर काढून म्हणाले, "तो जुना कप फुटला वाटतं?"

"नाही," काकू म्हणाल्या. "उरला होता. काढून टाकला."

काकांनी पुढे काही विचारले नाही. पण दुपारच्या चहाला कप घेताना ते क्षणभर थांबले. सहांपैकी सकाळचा कोणता, हे आता सांगता येण्यासारखे नव्हते. त्यांनी हाताला आला तो घेतला.

दोन महिने झाले. बाई अजून उभ्यानेच चहा पितात. दोन-चारदा दाराच्या आतल्या बाजूला टेकल्या, एवढेच. वीस वर्षांची सवय एका रविवारच्या चित्रपटाने जात नाही, ना त्यांची, ना घरातल्यांची. रविवारची बैठक चालू आहे. वहीत त्यानंतर सात-आठ नावे चढली आणि काकूंनी त्यांना नेहमीसारखे सढळ हाताने शून्ये वाटली.

'सद्गती'समोरचा त्यांचा रकाना मात्र कोराच आहे. नातीने मध्यंतरी आठवण करून दिली, तेव्हा काकू म्हणाल्या, "त्याला गुण मी काय देणार? बाई आत बसून चहा घेऊ लागल्या की मग बघू."