दोन टाके

अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणाची वाट भारतातल्याप्रमाणे बारावीच्या उंबरठ्यावरून थेट निघत नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग प्रवेशपरीक्षा आणि त्यानंतर चार वर्षांचे वैद्यकीय महाविद्यालय असा तो लांबचा पल्ला आहे. पदवीच्या काळातच वैद्यकाकडे डोळे लावून बसलेल्या विद्यार्थ्याला तेथे ‘प्री-मेड’ म्हणतात. ‘इंटर्न’ हा शब्दही भारतीय वाचकाची दिशाभूल करील. भारतात तो एम.बी.बी.एस.च्या परीक्षा संपवून वर्षभर वॉर्डात राबणाऱ्या तरुणाला लावतात. तेथे उन्हाळ्यापुरती एखाद्या दवाखान्यात उमेदवारी करणाऱ्या, नाडीही धडपणे पाहता न येणाऱ्या मुलीलाही तो लागू शकतो.

अशीच एक वीस वर्षांची मुलगी दहा आठवड्यांसाठी ग्वातेमालातील आतित्लान सरोवराकाठच्या खेड्यात, चर्चने चालविलेल्या एका लहानशा दवाखान्यात आली. प्रवेश-अर्जाला रुग्णसेवेचा अनुभव हवा होता हे खरे. पण ती तेवढ्यासाठीच आली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रविवारच्या शाळेत ऐकलेली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट तिच्या मनात होती. वाटेत पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतणारे ते हात आपले असावेत, असे तिला वाटे. त्या गोष्टीत उतारशाळेचा रखवालदारही आहे. दोन नाणी हातात घेऊन पुढची सारी शुश्रूषा त्यानेच केली असणार. परंतु त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही, आणि गोष्ट सांगणारे सहसा शोमरोन्याबरोबरच निघून जातात.

सरोवराभोवती तीन ज्वालामुखी उभे आहेत आणि त्यांच्या उतारांवर कॉफीचे मळे. दक्षिण काठावरची माया माणसे त्झुतुहिल बोलतात. अनेक वृद्धांना स्पॅनिश परकीच. मुलीचा इंग्रजी प्रश्न आधी स्पॅनिशमध्ये, मग त्झुतुहिलमध्ये जाई आणि उत्तर त्याच वाटेने परत येई. येईपर्यंत ते बहुधा ‘हो’ एवढेच उरलेले असे.

याच काठावर सान्तियागो आतित्लान आहे. ओक्लाहोमाचा एक शेतकरीपुत्र, स्टॅनली रॉदर, १९६८ मध्ये तेथे धर्मगुरू म्हणून आला. लॅटिन जमत नाही म्हणून एका सेमिनरीने त्याला परत पाठविले होते. त्याच माणसाने त्झुतुहिल आत्मसात केली. विद्वत्तेच्या परीक्षांविषयी यावरून काय म्हणावे, हा प्रश्न निराळा. ग्वातेमालातील यादवी १९६० पासून १९९६ पर्यंत चालली. मारावयाच्या माणसांच्या यादीत नाव आल्याने रॉदर जानेवारी १९८१ मध्ये मायदेशी गेला, पण एप्रिलमध्ये परतला, आणि २८ जुलैच्या रात्री त्याला त्याच्याच निवासस्थानी ठार मारण्यात आले. देह ओक्लाहोमाला गेला. हृदय मात्र गावकऱ्यांनी आपल्या चर्चमध्ये ठेवून घेतले. २०१७ मध्ये चर्चने त्याला ‘धन्य’ घोषित केले. तेरा वर्षांच्या त्या वास्तव्यापुढे दहा आठवड्यांचे माप लावणे क्रूरपणाचे आहे. पण ते चर्च पाहून आल्यावर मुलीने स्वतःच ते लावले.

काम साधे होते. मुलांचे वजन करावयाचे, उंची मोजावयाची, कार्डावर टिंब द्यावयाचे. २०१४-१५ च्या राष्ट्रीय पाहणीत ग्वातेमालातील पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ४७ टक्के वयाच्या मानाने खुजी आढळली होती. त्या आकड्याचा अर्थ तिला तक्त्यावरच्या टिंबांतून उमगू लागला. एकदा मधुमेहाच्या एका वृद्धेने ‘गोळ्या घेते’ म्हणून मान हलविली आणि मुलीने तसे नोंदविले. स्थानिक परिचारिकेने तो प्रश्नच पुन्हा विचारला नाही. तिने गोळ्यांची पिशवी मागितली आणि उरलेल्या गोळ्या मोजल्या. त्या फार लवकर संपत आल्या होत्या. घरी बहिणीलाही तोच विकार होता, आणि ती वृद्धा आपल्या मेटफॉर्मिनमधला वाटा तिला देत होती. तिचे ‘हो’ खोटे नव्हते.

सहाव्या आठवड्यात परदेशी डॉक्टरांचे एक पथक आठवडाभरासाठी आले. लाकूड तोडताना नडगीवर कोयता बसलेला एक मुलगा त्यांच्यापुढे आणला गेला. जागा बधिर करून डॉक्टरांनी तीन टाके घातले आणि सुई मुलीच्या हाती दिली. “उरलेले दोन तू घाल. घरी यासाठी तुला कित्येक वर्षे थांबावे लागेल.” अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने २०११ मध्येच मार्गदर्शक सूचना काढून, मायदेशी ज्याची मुभा नाही ते विद्यार्थ्याने परदेशी रुग्णावर करू नये, असे बजावले होते. ते तिने वाचलेही होते. तिने टाके घातले. मुलाची आई शेजारी उभी होती. ही मुलगी डॉक्टर नाही, असे तिला कोणीही सांगितले नाही, आणि कोणत्याही भाषेत तिची संमती विचारली नाही.

पाचव्या दिवशी जखम त्याच टोकाला सुजून पिकली. पथक तोवर मायदेशी पोहोचले होते. परिचारिकेने ते दोन टाके काढले, जखम धुतली आणि उघडी ठेवून पट्टी बांधली. “कोयत्याच्या जखमा पिकतातच,” ती म्हणाली. ते निदान होते की सांत्वन, हे मुलीला कळले नाही. “उद्यापासून पट्टीच्या वेळी तू तबक धरून उभी राहा,” एवढेच परिचारिकेने पुढे सांगितले. बारा दिवस ती तशी उभी राहिली.

अर्जासोबतच्या आत्मनिवेदनाला ५,३०० अक्षरचिन्हांची मर्यादा असते. तिच्या पहिल्या खर्ड्याची सुरुवात सुईनेच झाली होती. पुन्हा वाचताना तिला दिसले की, त्यात मुलगा नाही. फक्त त्याची नडगी आहे. आत्मकथनात ‘मी’ अटळ असतो, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण दुसऱ्याच्या देहावर उभा राहिलेला ‘मी’ वाङ्मयीन दृष्ट्याही पोकळच निघतो. दुसऱ्या खर्ड्यात तिने लिहिले की, ते टाके घालण्याचा तिला अधिकार नव्हता. महाविद्यालयातील सल्लागारांनी ई-पत्राने कळविले की, हा प्रसंग गाळणेच श्रेयस्कर. निवडसमिती कबुलीला गुण देईलच असे नाही. सल्ला व्यवहार्य होता. गाळल्यास निवेदन अधिक सुबकही झाले असते. तिने ते वाक्य ठेवले, दोन दिवसांनी खोडले आणि निघण्याच्या आदल्या रात्री पुन्हा लिहिले.

शेवटच्या दिवशी परिचारिकेने वजनाची वही तिच्याकडून परत घेतली. तुझ्यानंतर येणारीला स्पॅनिश येते का, असे तिने विचारले. मुलीला ते ठाऊक नव्हते. वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर तिने पुढच्या मुलीसाठी इंग्रजीत लिहिले : गोळ्या घेता का, असे विचारू नये, पिशवी मागावी. त्याखाली मुलाचे नाव लिहिले आणि पट्टीचा पुढचा वार.