दिंडिगलची परई आणि आमची हलगी

गेल्या वर्षी एल.टी.सी. घेऊन आम्ही तामिळनाडूला गेलो. मदुराईहून बसने दिंडिगल साठ-पासष्ट कि.मी. शहर कुलपांसाठी प्रसिद्ध आहे. आम्ही मात्र परई पाहायला गेलो होतो, आणि त्याला कारण घरचेच होते.

आमच्या वस्तीतल्या मुलींना १४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी लेझीम पथक काढायचे होते. लेझीम म्हटली की हलगी आली. विहारातल्या बैठकीत आबा ताडकन उठले. गावकीची, दवंडीची, मयताची ती हलगी १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आम्ही हातांनी फोडली, आता तुम्ही ती पोरींच्या गळ्यात घालता? बैठक तिथेच संपली. आबांचे चुकले असे मला आजही म्हणवत नाही.

परई म्हणजे लाकडी कड्यावर गाईचे कातडे ताणलेले, हलगीच्याच जातीचे वाद्य. डाव्या खांद्याला अडकवायचे; एका हातात लांब बारीक काडी, दुसऱ्यात आखूड जाड. तमिळमध्ये ‘परै’ म्हणजे बोलणे, सांगणे. परैयर हे जातीचे नाव याच वाद्याशी जोडलेले, आणि इंग्रजांनी त्यावरून बहिष्कृतासाठी ‘परायाह’ शब्द केला! पिढ्यान्‌पिढ्या ती मयतापुढे वाजवायची सक्ती होती, आणि वाजवायचे फक्त पुरुषांनी.

याच दिंडिगलात १९९० साली सिस्टर चंद्रा यांनी शक्ती हे लोककला केंद्र उभे केले आणि दलित मुलींच्या हाती परई दिली. सोबत कुम्मी, कोलाट्टम, ओयिलाट्टम हे नाचही शिकवले. पुढे परईला मान मिळत गेला. २०२५ मध्ये मदुराईकडचे परईवादक वेलू आसान यांना पद्मश्री जाहीर झाली.

आम्ही एका खेड्यात संध्याकाळी एका पथकाचा सराव पाहिला. आधी काडीकचरा पेटवून वाद्ये शेकली. मग मुली अर्धगोल उभ्या राहिल्या. वाजवणारीच नाचणारी! पाय आणि काडी एकदम पडत होते. आमच्या सौ. म्हणाल्या, एकही पोर खाली बघत नाही. सोबतच्या शिक्षकांनी सांगितले, मयताची सुपारी घ्यायची नाही असा काही पथकांचा नियमच आहे.

परत आल्यावर हा नियम तेवढा मी आबांपुढे ठेवला. ते काही बोलले नाहीत. चौदा मुलींनी नावे दिली. दहावीचे वर्ष म्हणून तिघी गळाल्या. वर्गणीतून दोन हलग्या आल्या. मयत आणि दवंडीला वाजवणार नाही, असे वहीच्या पहिल्या पानावर मुलींनीच लिहिले.

सराव विहाराच्या अंगणात सात वाजता असतो. तिसऱ्या दिवशी आबा कट्ट्यावर येऊन बसले. हलगीला हात लावला नाही. थोड्या वेळाने तिथूनच ओरडले, “अगं, कातडं थंड आहे, शेका की जरा!”